पहिल्या घंटीला

पाणीपुरवठा कार्यालयातील युनिक्स संगणकाला मोडेम जोडावा, असा आदेश मुख्यालयातून आला. तक्रारींचे आकडे मुख्यालयाला रोज संध्याकाळी फोनच्या तारेवरून थेट हवे होते. त्यासाठी बाहेरून एका तंत्रज्ञाला बोलावण्यात आले.

त्याने संगणकामागच्या सिरीयल पोर्टला मोडेम जोडला आणि पहिली आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर उमटले : परवानगी नाकारली.

मागे उभे असलेले साहेब सुखावले. "बघा, यंत्राला आत्तापासून ऑफिसची रीत कळते."

मुख्य पासवर्ड मिळाल्यावर काम सरळ झाले. तंत्रज्ञाने पोर्टचा आणि मोडेमचा वेग जुळवला, पहिल्या घंटीला फोन आपोआप उचलायची सूचना दिली, आणि मग त्याचे लक्ष फोनच्या तारेकडे गेले.

"साहेब, ही तर तक्रारींची लाइन. दुसरी घ्या, नाहीतर लोकांचे फोनही हाच उचलेल."

"मागणी वर पाठवतो. आदेशाची मुदत आज आहे. राहू द्या जोडलेला."

त्या दिवसापासून प्रत्येक तक्रारदाराला मोडेमने स्वतः उत्तर दिले : आधी एक लांब शिट्टी, मग खर्रर्र. तक्रारींचा कारकून दुपारी डुलक्या काढू लागला. महिनाअखेर तक्रारी शून्यावर आल्या. मुख्यालयाने साहेबांचे अभिनंदन केले आणि इतर कार्यालयांनाही तसेच करण्यास कळवले.

तंत्रज्ञाला हे समजले ते घरचा नळ कोरडा पडल्यावर. तो तडक साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"मोडेम काढू द्या. माझ्याच घरी पाणी नाही."

"तक्रार केलीत?"

"फोन तोच उचलतो."

"म्हणजे उचलला जातो."

"पण नोंद होत नाही ना."

"नोंद नाही म्हणजे तक्रार नाही. तक्रार नसताना चालू यंत्र काढलं, तर मी वर काय सांगू?"

तंत्रज्ञ तणतणत घरी आला. जिन्यात रिकाम्या बादल्या घेऊन शेजारी उभे होते. सगळे मिळून कार्यालयावर जाऊ, असे त्याने सुचवले.

"कशाला रे?" शेजारच्या मावशी म्हणाल्या. "पूर्वी फोन नुसता वाजत राहायचा. उचललाच तर वसकन अंगावर यायचे. आता लगेच उचलतात. काय म्हणतात ते कळत नाही, पण पोटतिडकीनं म्हणतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी हलले नाही.

घरात बायको फोनवर पाण्याचे सविस्तर सांगत होती.

"अगं, ते यंत्र आहे. मीच बसवलंय."

"माहितीये. पण सांगितलं की बरं वाटतं. तूही सांग."

त्याने नाइलाजाने रिसीव्हर कानाला लावला आणि पुन्हा नंबर फिरवला. शिट्टी वाजली. त्याने घरपत्ता सांगितला, नळ कधीपासून कोरडा आहे ते सांगितले, म्हाताऱ्या आईचे हालही सांगितले. पलीकडे खरखर थांबली आणि लाइन तुटली.

फोन ठेवताना त्याने, आपण सगळेच म्हणतो तसे, "थँक यू" म्हटले.