ताडपत्रीचं तळं

महादेवप्पांच्या तोंडाला साबण लागलेला होता, तांब्यात शेवटचं पाणी उरलं होतं आणि नेमका तेव्हाच उदगीरहून विहीणबाईंचा फोन आला. त्या उन्हाळ्यात लातुरात कुणीही आधी पाणी घेतलं असतं आणि मग फोन. पण ज्याच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलंय, त्या बापाला एवढी चैन कुठली? त्यांनी फोन घेतला.

नीलम्मांनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मग मुद्द्यावर आल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत गंगा आणायची आणि त्या पाण्यानं नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं, ही दोन्ही घरांची रीत. एरवी त्यांनी उदगीरहूनच घागरी भरून आणल्या असत्या. पण इवायांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, दारात एवढं तळं असताना उदगीरहून पाणी वाहून आणणं म्हणजे इवायांचा अपमानच. तेव्हा सगळ्या बायका थेट तळ्यावरच येणार होत्या.

"आन् इवाई, टँकरचं पाणी गंगेला चालत न्हाई बरं. जमिनीतलंच लागतंय. तुमच्या तळ्याला झरे हायेत म्हणला होता की."

"हाव," महादेवप्पा म्हणाले. साबण वाळून गाल आवळले होते, त्यामुळे याहून जास्त बोलता आलं नाही.

तळ्याला झरे होते की नव्हते हे शंकराला ठाऊक. तळ्यात पाणी नव्हतं हे मात्र अख्ख्या लातूरला ठाऊक होतं. महादेवप्पांची डाळ मिल चांगली चालायची, म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं शहराच्या कडेला 'सरोवर रेसिडेन्सी'त सातव्या मजल्यावर तळ्याकडचा फ्लॅट घेतला होता. बिल्डरनं तळ्याच्या काठावर लाकडी धक्का बांधला, दोन हंसाच्या पायडल-होड्या आणून ठेवल्या, पोहण्याचा तलाव केला आणि त्याच्याकाठी उंच खुर्चीवर एक जीवरक्षक बसवला. मग पाऊस रुसला. पहिल्या वर्षी तळं आटलं, दुसऱ्या वर्षी तळाला भेगा पडल्या. हंस चिखलात रुतून वाळले आणि त्यांच्या सावलीला शेळ्या बसू लागल्या. पोहण्याच्या तलावात बायका कुरडया वाळत घालायच्या. 'पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करावी' ही पाटी मात्र तशीच होती आणि ती वाचून लोकांना नाही नाही ते बोलावंसं वाटे. जीवरक्षकाला कामावरून काढायला कुणाचं मन होईना. तो त्याच उंच खुर्चीवरून रस्त्याकडे नजर ठेवायचा आणि टँकर दिसला की शिट्टी फुंकायचा. शिट्टी वाजली की माणूस जेवत असो की पूजेला बसलेला असो, बादली घेऊन पळत सुटायचा.

त्यामुळे इमारतीतली उतरंडही उलटी झाली होती. जास्त पैसे मोजून तळ्याकडे राहणाऱ्यांना रोज भेगा दिसायच्या आणि स्वस्तात रस्त्याकडे राहणाऱ्यांना टँकर आधी दिसायचा. सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव रस्त्याकडचे. ते भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक होते आणि हल्ली लिफ्टमध्ये तळ्याकडच्या लोकांशी फार मायेनं बोलत.

आता मुलीच्या सासरच्यांना आपलं तळं भरलेलं आहे असं सांगायची गरज काय होती? गरज काही नव्हती, जिरवायची होती. मुलगी पाहण्याच्या वेळी नीलम्मा म्हणाल्या होत्या, "लातूरची माणसं रेल्वेनं आलेलं पाणी पितेत. आमच्या घरात बारमाही आड हाय. पोरीला सढळ हातानं पाणी वापरायची सवय लागंल ना?" व्याही गुंडप्पांनी त्यावर भर घातली होती की, उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार, कलेक्टर ऑफिस आमच्या घरासमोरच येणार आणि मग त्या आडाच्या जागेला सोन्याचा भाव येणार. महादेवप्पांना ते झोंबलं. आपलं तळं झऱ्याचं आहे, ते कधी आटत नाही, असं ते बोलून गेले. वर पुराव्याला म्हणून तीन वर्षांपूर्वीचा फोटो 'शुभ सकाळ' लिहून विहीणबाईंना रोज पाठवू लागले.

तसं पाहिलं तर उदगीरला घर बघायला गेले तेव्हा त्यांनी तो आड स्वतः पाहिला होता. काठोकाठ भरलेला. पेलाभर पाणी पिऊनही पाहिलं होतं आणि चव कशी ओळखीची, घरच्यासारखी वाटली होती. मुलगी पाण्याच्या घरी पडते आहे, या एका गोष्टीवर त्यांनी सोयरीक पक्की केली होती.

मुलगी शिवकांता म्हणाली, "अप्पा, खरं सांगून टाका. तळं आटलं म्हणून कुणी लग्न मोडत न्हाई."

"त्या बाईनं आधीची एक सोयरीक लोणच्यावरनं मोडलीय," महादेवप्पा म्हणाले. "आपुन तर अख्खं तळं खोटं सांगितलंय."

शिवकांतानं खऱ्याचा आग्रह सोडला. तिला नवरा मुलगा, शिवमूर्ती, मनापासून आवडला होता आणि लोणच्याची गोष्ट तिनंही ऐकली होती.

टँकरवाल्या उद्धवला बोलावणं गेलं. महादेवप्पांनी आढेवेढे घेत सांगितलं की, तळ्यात, म्हणजे अगदी सगळ्या तळ्यात नाही, धक्क्याजवळच्या खोलगट जागेत थोडं पाणी सोडायचं आहे. त्यांना वाटलं, उद्धव हसेल. उद्धवनं फक्त पाईप किती लांब लागेल ते विचारलं.

"लग्नसराईत असली कामं लई असतेत मालक," तो म्हणाला. "माणसाला प्यायला न्हाई आन् मी कुठं कुठं ओतायलोय, इचारू नका."

भर दुपारी काम करायचं ठरलं. तळ्याची बाजू पश्चिमेची. बिल्डरनं तिला सूर्यास्ताचं दृश्य म्हणून विकलं होतं. प्रत्यक्षात दुपारनंतर तिकडचे सगळे पडदे ओढून कूलरपुढे पडलेले असत. जीवरक्षकाला लस्सी पाजून दुपारी शिट्टी वाजवायची नाही असं बजावलं. उद्धवनं पाणी सोडलं. काळ्या मातीच्या भेगांनी ते घटाघटा पिऊन टाकलं आणि टँकर रिकामा झाला तेव्हा ओल दिसत होती, पाणी नव्हतं. महादेवप्पा मटकन धक्क्यावर बसले.

शक्कल निघाली ती कमलम्मांची, त्यांच्या बायकोची. मिलमध्ये तुरीच्या ढिगावर घालायच्या ताडपत्र्या पडून होत्या. जी ताडपत्री वरचं पाणी तुरीपर्यंत पोचू देत नाही, ती ते मातीपर्यंत तरी कशाला पोचू देईल, एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दुपारी सगळ्यात मोठी ताडपत्री अंथरली गेली. तिच्यावर चोरी होऊ नये म्हणून हातभर अक्षरांत 'महादेवप्पा दाल मिल, लातूर' असं छापलेलं होतं, त्यावर चिखल थापला. उद्धवनं पाणी सोडलं आणि ते राहिलं. एक हंस ढकलत आणून त्यात सोडला, तर तो तरंगला. महादेवप्पांचे डोळे भरून आले.

पण पाणी लपवणं हे दुष्काळात भलतं अवघड काम आहे. संध्याकाळी पडदे उघडले आणि सातही मजल्यांवरून ओरडा झाला. वसंतराव धावत खाली आले, गुडघ्यावर बसले, बोट बुडवून चाटलं आणि त्यांनी जाहीर केलं की, भूगर्भातला झरा फुटला आहे. अशी शक्यता आपण वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आलो, असंही ते म्हणाले. रात्रीपर्यंत बातमी गंजगोलाईच्या बाजारात पोचली. सकाळी घागरींची रांग लागली, म्हशी आल्या, बगळे आले. दुपारपर्यंत चिखल उघडा पडायला लागला, तेव्हा महादेवप्पांनी घाबरून पुन्हा टँकर मागवला. संध्याकाळी लोकांनी पाहिलं, तर एवढं उपसूनही पाणी तेवढंच. आता झऱ्याविषयी कुणालाच शंका राहिली नाही. बिल्डरनं फाटकावर झऱ्याचा फलक लावला आणि रस्त्याकडचे लोक तळ्याकडच्यांना फ्लॅट बदलता का म्हणून विचारू लागले.

मग सोसायटीची सभा झाली. दारात झरा असताना टँकरवर पैसे घालवणं हा अडाणीपणा आहे, असं वसंतरावांनी मांडलं आणि सोसायटीचा टँकर टाळ्यांच्या गजरात बंद झाला. तळ्यावर मोटार बसली. महादेवप्पा उठून म्हणाले की झऱ्याला थोडी विश्रांती द्यावी, तो नवीन आहे. तळ्याकडच्या माणसाला आता गर्व झाला, असं पुटपुटत लोकांनी त्यांना खाली बसवलं. त्या दिवसापासून अख्ख्या इमारतीचं पाणी महादेवप्पा भरू लागले.

"आधी मी तुमच्या टाकीत सोडत होतो," उद्धवनं हिशेब समजावला. "आता तळ्यात सोडतो, तिथून मोटारीनं टाकीत जातंय. पाणी तेच हाय मालक. फकस्त त्याला फिरून यावं लागतंय."

गंगेचा दिवस उजाडला. उदगीरहून दोन गाड्या भरून मंडळी आली. फाटकावरचा फलक वाचून गुंडप्पा गंभीर झाले. बँड वाजू लागला, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका धक्क्याकडे निघाल्या, मागे सगळी सोसायटी. हंसाच्या गळ्यात झेंडूची माळ होती. नीलम्मा पुढे झाल्या, हळद-कुंकू वाहिलं, साडी जराशी उचलून पाण्यात उतरल्या आणि कलश बुडवायला वाकल्या. तेवढ्यात त्यांचा पाय सरकला.

पडल्या नाहीत. पण पायाखालचा चिखल सरकला आणि त्यांच्या अंगठ्याला काहीतरी गार, गोल लागलं. ती दोरी ओवायची पितळी कडी होती. नीलम्मांनी पायानं आणखी थोडा चिखल बाजूला केला. पाणी निवळलं तशी 'दाल मिल' ही अक्षरं वर आली. त्यांनी मान वर करून इवायांकडे पाहिलं. महादेवप्पांचे हात आपोआप जोडले गेले. शिवकांता सातव्या मजल्यावरून खाली बघत होती आणि एवढ्या उंचीवरूनही तिला कळलं की, संपलं.

आणि शिट्टी वाजली.

जीवरक्षकाची काही चूक नव्हती. त्याला दुपारी वाजवू नको म्हणून सांगितलं होतं आणि ही सकाळ होती. शिट्टी ऐकताच समोर तळं आहे हे विसरून अख्खी सोसायटी वळली आणि फाटकाकडे पळाली. वसंतराव सगळ्यात पुढे होते. त्यांच्यामागे बँडवाले ढोल उलटा धरून पळाले आणि उदगीरच्या बायकाही कलश घेऊन पळाल्या, कारण सवय ती सवय. धक्क्यावर फक्त महादेवप्पा आणि कमलम्मा उरले आणि पाण्यात नीलम्मा.

गर्दीला टँकर देऊन उद्धव मोकळ्या हातानं चालत आला. आज दुपारी आपल्याला दुसरीकडे जायचं आहे, म्हणून सकाळीच आलो, असं तो सांगू लागला आणि मध्येच थांबला.

"अक्का, तुमी हितं?" तो नीलम्मांना म्हणाला. "मी तुमच्याकडंच निघालो होतो. आड काठोकाठ भरू का गेल्या टायमासारखा, का थोडा कमी?"

महादेवप्पांच्या जिभेवर त्या पेलाभर पाण्याची चव आली. ओळखीची, घरच्यासारखी. म्हणजे घरचीच होती ती.

"उदगीरचा टँकर सांगितला असता तर गावात बोंब झाली असती," नीलम्मा हळूच म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी खरं बोलल्यामुळे असेल, त्यांचा आवाज जरा बसला होता. "आड दोन वर्षं झाली कोरडा हाय, इवाई. तुमचा रोजचा फोटो बघून मला लई शरम वाटायची. म्हणलं, यांच्या दारात तळं आन् आपल्या घरात टिपूस न्हाई, पोरगी द्यायची न्हाईत ही माणसं."

"फोटो तीन वर्षांखालचा हाय," महादेवप्पा म्हणाले.

नीलम्मांनी पायानं चिखल ओढून अक्षरं नीट झाकली. मग कलश बुडवून भरला, पदरानं पुसला आणि कमलम्मांच्या हातात दिला. गर्दी बादल्या भरून परत येत होती, तेव्हा त्यांनी इवायांना जवळ बोलावून विचारलं, "लगीन झाल्यावर ही ताडपत्री लागंल का तुमाला?"

"का?"

"आमचा आड लई पितो."

लग्न थाटात झालं. रुखवतात करंज्या, अनारसे आणि स्टीलची भांडी होती, आणि सगळ्यांच्या वर, हार घातलेली, नीट घडी केलेली एक ताडपत्री होती. असली रीत कुठली, असं पाहुण्यांनी विचारलं, तर दोन्ही विहिणींनी एका सुरात जुनी आहे म्हणून सांगितलं.

शिवकांता गेली आणि दोन दिवसांत तळ्याला पुन्हा भेगा पडल्या. सोसायटीनं वसंतरावांना जाब विचारला. त्यांनी काठावर एक फेरी मारली, आकाशाकडे बघितलं आणि सांगितलं की, झऱ्यानं प्रवाह बदलला आहे, तो आता पूर्वेला वळला. लोक त्यांना हसले. टँकर पुन्हा सुरू झाला, जीवरक्षक पुन्हा खुर्चीवर चढला.

महादेवप्पांना घर खायला उठलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी उदगीरहून फोटो आला. 'शुभ सकाळ.' काठोकाठ भरलेला आड आणि काठावर हातात कळशी घेतलेली शिवकांता, खुदुखुदू हसणारी. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. पाण्याच्या तळाशी, जरा वाकडी, पण वाचता येतील अशी त्यांच्या नावाची अक्षरं होती. लेकीच्या सासरी बापाचं नाव एवढं खोल गेलेलं पाहून ते रडले, आणि तोंड धुवायला पाणी नव्हतं म्हणून धोतरानं डोळे पुसले.

लिफ्टमध्ये वसंतराव भेटले. न राहवून महादेवप्पांनी त्यांना फोटो दाखवला, पण तळाची अक्षरं अंगठ्याखाली झाकून. वसंतरावांनी चष्मा वर केला.

"उदगीर?" ते म्हणाले. "म्हणजे पूर्वच की."