मगदूमचा पिक्चर

सर्व्हर बंद पडला की बाकीच्या बँकांत गिऱ्हाइकं भांडतात. राजारामपुरीतल्या आमच्या शाखेत ती मगदूमच्या काउंटरपुढे सरकतात. मग मगदूम चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, "तवर पिक्चरमधी काय झालं म्हाईत हाय काय?"

पिक्चर एकच. बँकेतल्या एका कारकुनाचा, जुना, ब्लॅक अँड व्हाइट, विनोदी. मी या शाखेत आलो त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून तो हाच सांगतोय आणि तो संपत नाही. त्यातला मॅनेजर स्वतःच्या बायकोला लॉकर उघडून देण्याआधी तिच्याकडे ओळखपत्राची झेरॉक्स मागतो. माणसं पोट धरून हसतात. आतल्या केबिनमध्ये आमचे मॅनेजरही हसतात, हे विशेष.

मी शेजारच्याच काउंटरवर बसतो. माझा हात मगदूमच्या दुप्पट चालतो, पण माझ्यापुढे रांग नसते. मुरगूडहून आलेल्या एका मावशींना मी "इकडं या" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "असू द्या की सायेब. तेवढा पिक्चर हुं दे." मी जळायचो, खोटं कशाला सांगू? दिवाळीत लोक त्याला लाडवांचा डबा आणत आणि वर म्हणत, "ह्यांनाबी एक द्या." तो एक लाडू माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

त्या पिक्चरमध्येही शेजारच्या काउंटरवर एक कारकून आहे. कपाळाला आठी, बोलणं तिखट, पण म्हाताऱ्या माणसांचे फॉर्म गुपचूप भरून देणारा. "लई गुणाचं माणूस," मगदूम सांगायचा, आणि लोक माना डोलवायचे. मला त्या कारकुनाचासुद्धा हेवा वाटायचा. आपल्याला असं कोण म्हणणार?

दुपारी आम्ही सगळे आतल्या खोलीत जेवायचो. मगदूम काउंटरवरच डबा उघडायचा. त्याला हाक मारायची तर मीच मारायला हवी होती, शेजारी मीच होतो. मी मारली नाही. दिवसभर माणसं असतात की त्याच्याभोवती, असं मनाला सांगायचो.

गेल्या रविवारी मी तो पिक्चर मोबाइलवर शोधून काढला. सगळे विनोद पाठ करायचे आणि सोमवारी मगदूमच्या आधी आपणच सांगून टाकायचे, असा बेत होता. पाहिला, तर निम्मे प्रसंग त्यात नव्हतेच. त्या काळी झेरॉक्स कुठली असणार? आणि शेजारच्या काउंटरवर कुणीच नव्हतं. ज्याचा पिक्चर, तो कारकून शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवतो.

सोमवारी दुपारी मी माझा डबा घेऊन मगदूमकडे गेलो.

"पिक्चर बघितला," मी म्हणालो.

त्याचा घास हातातच राहिला. "समदा?"

"समदा."

त्याने फायली बाजूला सारून माझ्या डब्याला जागा केली. बराच वेळ भाकरी मोडत राहिला.

"त्यात शेजारी कोण न्हाय ओ," तो खाली बघत म्हणाला. "त्येचं एकट्याचं जेवण मला बघवंना. म्हणून तुमास्नी घातलं."