होडीची खिडकी

यतीनच्या पत्राला उत्तमराव पुणतांबेकरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते म्हणून नव्हे. उलट त्या पत्राखेरीज दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. यतीन त्यांचा भाचा. जर्मनीत लाकडी खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दुहेरी काचेच्या त्या खिडक्या घरातली ऊब घरात ठेवतात, इंधन वाचवतात. पण त्यासाठी झाडं तोडावी लागतात, रंग-रसायनं फासावी लागतात, ट्रक पळवावे लागतात. पर्यावरणावरचा हा भार कमी कसा करावा यावर सध्या आमच्याकडे विचार चाललाय, असं त्यानं लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, ‘मामा, तुम्ही एवढं वाचलंय. आपल्याकडच्या माणसाला यावर काय सुचतं ते कळवा.’

उभं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला याहून घातक प्रश्न विचारता येत नाही. उत्तमरावांनी पहिलं उत्तर लिहिलं ते त्यांना उथळ वाटलं. दुसरं कुठल्या तरी पुस्तकातून उचलल्यासारखं वाटलं. तिसऱ्यात अक्षर फार सुरेख आलं होतं, पण त्यात मुद्दा नव्हता. पत्र दिवाळीत आलेलं. होळी पेटून विझली, गुढ्या उभारून उतरल्या, आणि भाईंदर पश्चिमेतल्या त्यांच्या सोसायटीत वेगळीच खिडकी उघडली.

सोसायटीचे सेक्रेटरी नीरजभाई कापडाचे व्यापारी. त्यांच्या मनात आलं की इमारतीच्या सगळ्या जुन्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवाव्यात. शेजारच्या तिन्ही सोसायट्यांनी बसवल्या होत्या. जुनं लाकूड कंत्राटदारच घेऊन जाणार होता. सभा जिन्याखाली भरली. उत्तमराव नेहमीप्रमाणे पाण्याच्या पंपाशेजारी बसले होते, कारण तिथे कुणी काही विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खिडकीशी बसून, चौकटीवर कोपर टेकून वाचायची त्यांची सवय होती. त्या लाकडाला त्यांच्या कोपराचा खळगा पडला होता. तो खळगा आता कंत्राटदाराच्या टेम्पोतून जाणार या विचारानं ते स्वतःशीच पुटपुटले, “लाकूड ऊन अडवतं. ॲल्युमिनियम तापतं.” नेमका तेव्हाच पंप बंद पडला आणि हे वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

सभेनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पंपच बोलला.

“पुणतांबेकरसाहेब, तुमी वाचलेला माणूस,” नीरजभाई म्हणाले. “पण वाचून थंडक येत नाय. करून दाखवा. तुमची खिडकी जीतली तर ॲल्युमिनियम कॅन्सल.”

थंडक मोजायची कशी, यावर बराच खल झाला. घरी गॅसवर कुकर ठेवून आलेल्या, उत्तमरावांच्या पत्नी अंबिकाबाईंनी तो संपवला. “आमच्या त्या खोलीत वैशाखात वाटीतल्या तुपाचं दुपारी पाणी होतं,” त्या म्हणाल्या. “रविवारी बारा ते चार वाटी ठेवा. तूप गोठलेलं राहिलं तर यांचं खरं, पातळ झालं तर तुमचं.” तुपावर विश्वास नाही असं एकही घर त्या इमारतीत नव्हतं. ठराव एकमतानं झाला. महिनाअखेरचा रविवार ठरला.

उत्तमराव घरी आले ते घाबरूनच. पण घाबरता घाबरता त्यांच्या लक्षात आलं की यतीनच्या प्रश्नाचं उत्तर आता करूनच देता येईल. ऊन अडवणारी दुहेरी काचेची लाकडी खिडकी करायची, तीही झाड न तोडता, रंग न लावता, लांबून काही न मागवता. जुनं लाकूड हवं, जवळचं हवं.

“म्हणजे खिडकी वाचवायला आधी खिडकी काढणार?” अंबिकाबाईंनी विचारलं.

या प्रश्नात काही तरी तथ्य आहे असं उत्तमरावांना दोन दिवस वाटत राहिलं. पण इतका सोपा मुद्दा यतीनच्या कारखान्याला सुचला नसेल कसा, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

जुनं लाकूड मिळालं जवळच्या राई गावातल्या धाकूकडे. धाकू सकाळी इमारतीखाली भाजी विकायचा. त्याच्या बापाची होडी खाडीकाठी उलटी पडून होती. “सागवान हाय सायेब, अस्सल,” धाकू म्हणाला. “माझा बा गेला, पन लाकूड गेला न्हाय. आन् सुतार कशाला? होड्या आमीच बांधतो. खिडकी म्हंजे काय, उभी केलेली होडीच.” उत्तमरावांनी त्याला एकच अट घातली, आणि त्यांच्या स्वभावाच्या मानानं ती फारच ठामपणे घातली. फटीतून वारा येता कामा नये. वारा काय, पाण्याचा थेंबही येता कामा नये.

धाकूनं ही अट मनावर घेतली.

खिडकी बसली तेव्हा उत्तमरावांचे डोळे भरून आले. काळ्याभोर जाड फळ्या, मधे दोन काचा, झडप ओढली की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाजसुद्धा बाहेर राहायचा. जुनी खिडकी पलंगाखाली ठेवून ते नव्या चौकटीवर कोपर टेकून वाचायला बसले. सकाळ फार सुंदर गेली. दुपारी ऊन पश्चिमेला आलं, फळ्या तापल्या, आणि खोलीत वास येऊ लागला.

अंबिकाबाईंनी आधी मोरी पाहिली, मग भाजीची टोपली. मग नवऱ्याकडे संशयानं पाहिलं. पुणतांबेकरांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं, आणि आता तिथे सुक्या मासळीचा बाजार भरल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूला विचारलं, तेव्हा त्यालाच नवल वाटलं. होडीला दर साली माशाचं तेल पाजतात. नाही तर लाकूड टिकेल कसं? आणि फटीत वारा नको, पाणी नको म्हटल्यावर त्यानं होडीत भरतात तसाच त्याच तेलात भिजवलेला कापूस ठासून भरला होता. “नव्या होडीला बी येवढा तेल लावत न्हाय,” तो म्हणाला. “तुमी सांगितला म्हनून लावला.”

आता वासाला बाहेर काढायचं तर खिडकी उघडायला हवी, आणि खिडकी उघडली की ऊन आत. उत्तमरावांनी फळ्या लिंबानं घासल्या, शिकेकाईनं धुतल्या, चौकटीला उदबत्त्या खोचल्या. त्यानं एवढंच झालं की देवळाशेजारी मासळी सुकत घातल्यासारखा वास येऊ लागला. अंबिकाबाईंनी ऑइलपेंट सुचवला; पण रंग लावायचा नाही हे यतीनला कळवण्याचं उत्तमरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. शेवटी झडप दिवसभर सताड उघडी राहिली आणि वास घालवायला पंखा पाचावर फिरू लागला. वीज वाचवणाऱ्या खिडकीमुळे पुणतांबेकरांच्या घरी आजवर जळली नसेल इतकी वीज जळू लागली.

मग मांजरं आली. आधी खिडकीच्या छज्ज्यावर एक तुटक्या कानाचा बोका येऊन बसला. त्यानं बहुधा नातेवाइकांना कळवलं असावं. चौकटीला अंग घासत, फळ्या चाटत ती तिथे दिवसभर मुक्काम करून असत.

नीरजभाई वरच्या मजल्यावरून खाली आले, पण दारातच थांबले. “साहेब, तुमच्या घरात काय शिजते ते आमी कधी विचारला नाय,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पण आता आमच्या देवघरात वास येते.”

“खिडकी आहे ती,” उत्तमराव म्हणाले.

नीरजभाईंनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. सभ्य माणूस पकडला गेला की कसलंही कारण सांगतो, हे त्यांना व्यापारात पुष्कळदा दिसलं होतं. अखेर अंबिकाबाईंनी त्यांना हाताला धरून नेऊन फळीचा वास दिला, तेव्हा पटलं. पण तुपाची परीक्षा होईपर्यंत खिडकी राहणार, हेही त्यांनी मान्य केलं. ठराव म्हणजे ठराव.

रविवारी बारा वाजता अंबिकाबाईंनी पांढऱ्याशुभ्र, रवाळ तुपाची वाटी टेबलावर ठेवली. उत्तमरावांनी झडप ओढली, खोलीचं दार लावलं आणि दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. बसले ते अंबिकाबाई. उत्तमराव थोड्या थोड्या वेळानं दार किलकिलं करून, नाक धरून आत बघत होते. तूप जागच्या जागी होतं. बोट लावून पाहिलं, घट्ट होतं. जन्मात पहिल्यांदा आपलं म्हणणं खरं ठरतंय म्हटल्यावर त्यांना ते खोटं वाटू लागलं. झडप नीट लागली आहे ना? पुढे कुणी म्हणायला नको. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी झडप उघडली, आणि पुन्हा, या वेळी फारच घट्ट, लावून घेतली.

चार वाजता कमिटी नाकाला रुमाल लावून आत शिरली. खोली खरोखर गार होती. टेबलावर वाटी होती, लख्ख, नुकतीच घासल्यासारखी. वाटीशेजारी तुटक्या कानाचा बोका बसून पंजा चाटत होता.

“गोठलेलं होतं,” उत्तमराव म्हणाले. “मी स्वतः पाहिलं.”

“साहेब, तूप तुमी पाहिला,” नीरजभाई म्हणाले. “आमी बोका पाहिला.”

उत्तमरावांनी चौकटीवर कोपर टेकलं. तिथे अजून खळगा पडला नव्हता. नीरजभाईंनी कंत्राटदाराला उद्याच फोन करायचं ठरवलं. एवढ्यात त्यांच्या पत्नी, ममताबेन, पदर नाकाशी धरून नवऱ्याला चहाला बोलवायला आल्या. काय झालं ते त्यांनी ऐकलं, आणि त्यांना हसू आलं.

“तूप तर आमचा पण घट्टच हाय,” त्या म्हणाल्या. “आठवडा झाला.”

नीरजभाईंनी बायकोकडे पाहिलं. दिवसभर ते दुकानात असत. घरात दुपारी काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ममताबेननी सांगितलं ते असं. या वासापायी त्या सकाळी स्वयंपाक आटपला की पश्चिमेच्या खिडक्या बंद करायच्या, फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबायच्या, आणि संध्याकाळी वारा फिरला की उघडायच्या. पंखा आता दोनवर चालतो. आधी दुपारभर खिडक्या उघड्या टाकून सगळं ऊन घरात घेत होतो, ते आता कळलं.

कमिटी वर गेली. तूप रवाळ होतं. आणखी दोन मजले चढून पाहिलं. तिथेही वासाच्या भीतीनं त्याच सागवानी झडपा बंद, फटींत कुठे चिंध्या, कुठे वर्तमानपत्र, आणि तूप जागेवर. साऱ्या इमारतीत तूप नव्हतं ते एका पुणतांबेकरांच्या घरी.

ॲल्युमिनियम त्याच संध्याकाळी रद्द झालं. नीरजभाईंनी एकच विनंती केली, की होडी आता होडीवाल्याकडे जावी. पलंगाखालची जुनी खिडकी पुन्हा बसली, तिच्या फटींत अंबिकाबाईंची जुनी साडी बसली, आणि उत्तमरावांचं कोपर आपल्या खळग्यात बसलं. धाकूनं होडीची खिडकी नेऊन भाजीच्या मांडवाला लावली. मांजरं तिच्यामागून राईला गेली.

पंधरवडा गेला असेल. नीरजभाई पुन्हा दारात उभे राहिले. या वेळी ते अवघडले होते.

“साहेब, ती होडीची एखादी फळी उरली का?” त्यांनी विचारलं. “छोटीशी. वास गेला, तर लोक दुपारी परत खिडक्या उघडायला लागले. कालपासून तूप पातळ.”

एक वीतभर तुकडा उत्तमरावांनी आठवण म्हणून जपला होता. तो त्यांनी छज्ज्यावर उन्हात ठेवला. अर्ध्या तासात खालपासून वरपर्यंत झडपा लागल्याचे आवाज आले.

मग ते टेबलाशी बसले आणि त्यांनी यतीनला लिहिलं, ‘लाकडी खिडकीचा भार कमी करण्याचा आम्हाला सापडलेला उपाय असा: आहे ती खिडकी काढू नये, तिच्या फटी बुजवाव्यात आणि दुपारी ती बंद ठेवावी. लोकांनी ती बंद ठेवावी म्हणून काय करावं लागतं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. इकडे आलास की वास देईन.’

टपालपेटीशी गेल्यावर त्यांना वाटलं, ‘भार’ हा शब्द बरोबर आहे ना? घरी जाऊन एकदा पाहून यावं. ते पाकीट उघडायला लागले, तेवढ्यात सोबत आलेल्या अंबिकाबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पेटीत टाकलं.

“परत उघडाल,” त्या म्हणाल्या, “आणि बोका आत जाईल.”