लोण्याचा माणूस

बशीतलं शेवटचं बिस्किट हॉगेनसाहेबांनी उचललं आणि व्हर्ना टेस्मरनं तळघराचं दार पायानं हळूच लोटून घेतलं. तिचा नवरा ऑर्व्हिल अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या विधानसभेला उभा होता आणि दूधवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष हॉगेनसाहेब त्याला पारखायला तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. संघाचा चेक मिळाला तर रेडिओवर जाहिरात, पत्रकं, सगळं होणार. नाही मिळाला तर ऑर्व्हिलनं आपलं खिळे-हातोड्यांचं दुकान सांभाळायचं.

त्या काळी त्या राज्यात पिवळं मार्गारीन विकायला बंदी होती. तेलापासून केलेलं ते नकली लोणी आपल्या पोटावर पाय देईल, म्हणून दूधवाल्यांनी हा कायदा घट्ट धरून ठेवला होता. बंदीला मान डोलावणाऱ्या उमेदवारालाच त्यांचा पैसा. बायका मात्र सरहद्द ओलांडून बंदी नसलेल्या शेजारच्या इलिनॉय राज्यात जात आणि डिकी भरून ते स्वस्त मार्गारीन घेऊन येत. व्हर्नाचं तळघरात बटाट्यांखाली असे. बशीतली बिस्किटं त्याचीच होती.

हॉगेनसाहेबांनी डोळे मिटले, सावकाश चावलं.

"ही चव," ते म्हणाले, "फक्त गाईच देऊ शकते."

चेक तिथल्या तिथे लिहून हातात पडला. वर अट एकच, दर सभेला व्हर्नाची बिस्किटं हवीत. आठवड्याभरात गावभर पोस्टरं लागली. त्यांवर ऑर्व्हिलचा हसरा चेहरा, हातात बिस्किट आणि खाली ठळक अक्षरांत ‘लोण्याचा माणूस’. संघानं लोण्याचा एक भलामोठा डबाही घरपोच पाठवला.

व्हर्ना मूळची सरळ बाई. निदान आता तरी खोटं नको, म्हणून तिनं पुढच्या सभेसाठी अस्सल लोणी वापरलं. बिस्किटं ओव्हनमध्ये पसरली, एकमेकांना बिलगली आणि सगळ्या ट्रेची मिळून एकच पोळी झाली. तिनं ती सुरीनं कापून नेली. हॉगेनसाहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला, थांबले आणि तिला हळूच बाजूला घेऊन गेले.

"व्हर्नाबाई, रागावू नका. यात कुणीतरी मार्गारीन घातलंय."

"अहो, तुमच्या संघाचंच लोणी आहे."

"मला शिकवू नका. उभा जन्म लोण्यात गेला माझा. हा विरोधी पक्षाचा डाव आहे. स्वयंपाकघराला कुलूप लावा."

आणखी एकदा असं झालं तर रेडिओची जाहिरात बंद, असंही ते जाता जाता सांगून गेले.

ऑर्व्हिलला घरी आल्यावर व्हर्नानं बटाट्यांखालचं गुपित सांगितलं. डोकं धरून तो म्हणाला, "तेच कर."

"संपलंय ते."

"मग आणू या."

अशा रीतीनं लोण्याच्या पैशातून मार्गारीन आणायला लोण्याचा माणूस इलिनॉयला निघाला. डोक्यावर हॅट पार भुवयांपर्यंत ओढलेली, गळ्यात उन्हाळ्यातही मफलर, शेजारच्या सीटवर व्हर्ना. सरहद्दीलगतच्या दुकानात खोकी डिकीत चढली. मालक बर्ट कोझाक स्वतः पोचवायला बाहेर आला आणि गाडीच्या दाराकडे बघतच राहिला. दारावर ऑर्व्हिल बिस्किट घेऊन हसत होता. पोस्टर काढायचं दोघंही विसरली होती.

"तुम्हीच का हे?" कोझाकनं विचारलं.

ऑर्व्हिलनं मफलर नाकापर्यंत ओढला. त्याला उद्याचं वर्तमानपत्र डोळ्यांपुढे दिसायला लागलं. कोझाक आत गेला आणि चेकबुक घेऊन आला.

"निवडून या, साहेब," तो लिहिता लिहिता म्हणाला. "बंदी उठली तर तुमच्याकडच्या बायका इथवर कशाला येतील? माझी पोरंबाळं रस्त्यावर येतील हो. हॉगेनसाहेबांना दर शनिवारी हेच सांगतो मी."

"ते इथं येतात?" व्हर्नानं विचारलं.

"मागच्या दारानं."

गाडी परतीच्या वाटेला लागली. ऑर्व्हिलनं हॅट मागे सारली, मफलर सोडला.

"विधानसभेत बंदीवर मतदान आलं, तर काय करशील?" व्हर्नानं विचारलं.

"काय करणार? लोणीवाल्यांना बंदी हवी, मार्गारीनवाल्याला बंदी हवी. एवढी एकी मी चर्चमध्येसुद्धा पाहिली नाही."

व्हर्नानं मागे वळून पाहिलं. डिकीत न मावलेली खोकी मागच्या सीटवर छताला टेकली होती.

"मग निवडून आलास की मोठ्या डिकीची गाडी घे," ती म्हणाली.