अर्धा आटा

योगिनीच्या घरासमोर निजामभाईंची जीप थांबली. मागचं फाळकं खाली पडलं आणि निजामभाई व जमीलाबी या नवराबायकोने मिळून पाण्याची एक मोटर अंगणात उतरवून ठेवली.

"अर्जुनराव, पोरगी घरीच हाये ना? जेट आनला," निजामभाई म्हणाले.

योगिनी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून दारात आली. "कोणता जेट, चाचा?"

"आमच्या बोअरवरचा. पानीच टाकून नाही राह्यला. तुमचे बाबा म्हणे, तुम्ही बरोबर करून देता."

योगिनीने वडिलांकडे पाहिलं. अर्जुनरावांनी गोठ्यातल्या गाईकडे पाहिलं. गाय त्या वेळी चरायला गेलेली होती.

चूक अर्जुनरावांची नव्हती. मुलगी मुंबईला नेमकं काय करते, असं त्यांनी दिवाळीत विचारलं होतं, आणि तिने सोपं करून सांगितलं होतं, "जेटची ताकद मोजते, बाबा. यंत्रात ती कमी भरते. ती बरोबर करून देते." यातला शब्दन् शब्द खरा होता. अर्जुनरावांनी संग्रामपूरच्या कृषी केंद्रावर तो जसाच्या तसा सांगितला. मात्र त्या तालुक्यात जेट एकच. बोअरमध्ये दोन पाइप सोडून पाणी ओढणारी मोटर.

योगिनीचा जेट वेगळा होता. दोन प्रोटॉन जोरात एकमेकांवर आदळले की कणांचा झोत उडतो, त्याला जेट म्हणतात. तो कॅलरीमीटर नावाच्या जाडजूड यंत्रात अडतो आणि त्याची ऊर्जा मोजली जाते. पण थोडी ऊर्जा यंत्राच्या कडेला, तारा आणि पत्र्यांमध्ये मुरते, म्हणून आकडा कमी येतो. किती कमी, ते शोधून तो भरून काढायची दुरुस्ती योगिनीने तयार केली होती. ती तपासायची सोय निसर्गानेच केली आहे. कधीकधी जेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला प्रकाशाचा एकच कण सुटतो, आणि त्याची ऊर्जा नेमकी कळते. दुरुस्ती बरोबर असेल, तर दोन्ही पारडी सारखी यायला हवीत.

जुन्या आकड्यांवर ती सारखी येत होती. कालपासून नवे आकडे लावले, तर जेटचं पारडं एकदम जड. आणि आज दुपारी जिनिव्हातल्या मंडळींबरोबर ऑनलाइन बैठक होती. तोवर कारण सापडलं नाही, तर तिची दुरुस्ती बाद होणार होती आणि तिच्या पीएचडीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

"चाचा, तो जेट वेगळा हाये," ती म्हणाली. "माहा जेट डोळ्यानं दिसत बी नाही."

"आमचा बी अर्धा बोअरमध्येच असते. कुठी दिसते," निजामभाई समजुतीने म्हणाले.

जमीलाबी पुढे आल्या. "बेटा, बीटी कपाशीले बोंडं धरले. पाऊस गेला. अर्धी तं अळीनंच खाल्ली. राह्यल्याले एक पानी भेटलं तं घरात काही येईन. पाहून तं घे."

अर्जुनराव मुलीच्या कानाशी आले. "पाहून घे वं. मी चारचौघांत सांगून बसलो."

एवढ्यात पलीकडच्या गल्लीतले वामनराव आपला जेट हातगाडीवर घालून आले.

"तुमचा बी बिघडला का, काका?" योगिनीने विचारलं.

"नाही. चालूच हाये."

"मग काऊन आणला?"

"चालू हाये तवाच मोजून ठेवलेलं बरं. कुठी कमी भरत असन तं आपल्याले काय मालूम?"

हे ऐकून योगिनीला त्यांच्याबद्दल आदर वाटला. जिनिव्हातही असं बोलणारे थोडेच होते. पण वामनराव तेवढ्यावर थांबले नाहीत. योगिनी निजामभाईंशी बोलते तोवर आपला जेट चालवून दाखवावा, म्हणून त्यांनी पाइप टाक्यात सोडला आणि मोटरची पिन ओसरीतल्या बोर्डात खुपसली. फट् असा आवाज आला. घरातला पंखा थांबला. मग गल्लीतल्या सगळ्या घरांतून माणसं बाहेर येऊन एकमेकांना विचारू लागली, "तुमची बी गेली का?"

योगिनी आत धावली. वायफायच्या डबीवरचा हिरवा दिवा विझला होता.

"लाइनमनले फोन लावला," अर्जुनराव म्हणाले. "तो सोनाळ्याले हाये. येतो म्हणे."

"कधी येतो?"

"तेवढं नाही म्हणाला."

सरस्वतीबाईंनी, योगिनीच्या आईने, सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. वीज गेली की त्या गॅसकडेच वळत. "माह्या मोबाइलची रेंज चांगली हाये," जमीलाबी म्हणाल्या. "त्याच्यावरून होते का तुहं?" होत होतं. फक्त फोन ओट्याच्या कोपऱ्यात, खांबाला टेकवून ठेवावा लागत होता. फोन अडकला म्हणजे जमीलाबी अडकल्या, त्यांच्याबरोबर निजामभाई, आणि त्यांच्याबरोबर मोटर.

बैठकीला थोडा वेळ होता. निदान विचारपूस तरी करावी, म्हणून योगिनीने निजामभाईंना विचारलं, "पाणी एकदम बंद झालं का हळूहळू?"

"हळूहळू. पयले पानी तुटत होतं. हवा घेऊन राह्यला होता जेट. म्हणून मी सांजच्याले मोटरवरचा कॉक अर्धा आटा आवळला. आवळला का धार बांधून येते."

"आली?"

"आली ना. मग सकाळी पाह्यलं तं धार बारीक, अन् मंग बंदच."

जमीलाबींनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही कॉक आवळला?"

"हाव."

"मी बी आवळला. अर्धा आटा. दिवसभर पानी तुटत होतं म्हणून, रात्री अंधारात."

"काऊन? मी आवळलाच होता ना."

"मले सांगतलं होतं का तुम्ही?"

"तू इचारलं होतं का?"

"अहो, पानी तुटत होतं, आवळला. त्यात इचारायचं काय? बरोबरच केलं मी."

"मी बी बरोबरच केलं."

वामनराव मोटरवर वाकले आणि त्यांनी कॉक हाताने फिरवून पाहिला. "पुरा आवळल्यावानी हाये बे हा, पानी येईन कुठून? जेटले काहीच नाही झालं."

निजामभाई आणि जमीलाबी यांचं पुढचं बोलणं योगिनीने ऐकलं नाही. ती खांबाजवळ जाऊन बसली होती आणि जिनिव्हात नवे आकडे तयार करणाऱ्या पावलोला विचारत होती, "कडेला मुरणाऱ्या ऊर्जेची दुरुस्ती तू आधीच घातली आहेस का?"

उत्तर लगेच आलं. "हो, घातली. सगळ्यांनाच लागणार होती. का?"

तिने आपली दुरुस्ती काढून हिशेब पुन्हा चालवला. जमीलाबींच्या मोबाइलवरून आकडे मुंगीच्या पावलांनी आले. पारडी सारखी होती.

बैठक सुरू झाली तेव्हा अंगणात कोणी हालत नव्हतं. वामनरावांनी खोकलासुद्धा दाबून धरला होता. योगिनी इंग्रजीत भराभर बोलली, मग बराच वेळ पलीकडून बैठक चालवणाऱ्या बाईचं ऐकत राहिली. दोघांनी स्वतंत्रपणे काढलेली दुरुस्ती तंतोतंत जुळते, ही फार चांगली गोष्ट आहे, असं ती बाई म्हणत होती. ठेवायची मात्र एकच. कोणाची काढायची?

"माझी," योगिनी म्हणाली, आणि बैठक संपल्यावर तिने लॅपटॉप मिटला.

"काय झालं?" अर्जुनरावांनी घाबरत विचारलं.

"माझी दुरुस्ती काढून टाकली, बाबा."

"अरे देवा. काऊन?"

"बरोबर होती म्हणून. तेवढ्यावर माझं काम पास बी केलं त्यांनी."

अर्जुनरावांना यातलं एवढंच कळलं की मुलगी हसत आहे. त्यांनी तेवढं पुरेसं मानलं आणि मोटर जीपमध्ये चढवायला हात लावला.

दिवस मावळताना निजामभाईंचा फोन आला. मागे मोटरचा आणि धारेचा आवाज होता.

"लागलं का पाणी, चाचा?"

"लागलं ताई. कपाशीत पोहचलं. दोन ओळी भिजल्या बी."

"मग आटा कोणाचा काढला?"

निजामभाई पुन्हा धारेचंच सांगू लागले. मागून जमीलाबींचा आवाज आला, "सांगा ना."

"माहा," निजामभाई म्हणाले.

"बरोबर होता ना तो?"

"एकदम बरोबर होता."