उपरण्याखालचा बोलर

बसून घ्या. उभ्या उभ्या ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. हिंगोलीत जे पूर्वी कधी घडलं नव्हतं आणि पुन्हा घडू नये अशी निदान तीन माणसांची मनापासून इच्छा आहे, ते मी आज जाहीर करतो आहे. काशिनाथअप्पा आडत्यांनी एका रविवारी सकाळी आमच्या क्रिकेट टीमचे तिन्ही बोलर कापसाच्या काट्यावर तोलले.

तोलले म्हणजे खरोखर तोलले. एका पारड्यात वजनं, दुसऱ्या पारड्यात बोलर. दत्तू उतरला, सखाराम चढला; सखाराम उतरला, रशीद चढला. मग तिघांना मैदानावर पिटाळून जीभ बाहेर येईपर्यंत बोलिंग करायला लावली आणि घाम निथळत असतानाच पुन्हा पारड्यात बसवलं. "ज्याची घट जास्त, तो वसमतच्या टीमला," अप्पांनी निकाल देण्याची रीत सांगून टाकली.

घट हा अप्पांचा लाडका शब्द. ओला कापूस वाळला की वजनात उतरतो, म्हणून आडत्या आधीच थोडं वजन कापून घेतो, ती घट. पण अप्पा ती कापसापुरती ठेवत नसत. शाळेत नवे हेडमास्तर आले, त्यांनी मोठं भाषण केलं, आणि टाळ्या थांबल्यावर अप्पांनी मागून शांतपणे विचारलं, "ह्याच्यात घट किती धरायची?" डॉक्टरांनी आठ दिवसांत बरे व्हाल म्हटलं, तेव्हाही हाच प्रश्न. हेडमास्तर वर्षभर अप्पांशी बोलले नाहीत. डॉक्टर बोलले, कारण त्यांचा कापूस अप्पांच्या आडतीत येत असे.

तर, दुसरं वजन झालं. सगळ्यांत जास्त घट निघाली रशीदची. अप्पा काट्याकडे बघत राहिले. मग तोलाराला म्हणाले, काट्यात खोट आहे. तोलाराच्या हातातलं वजन खाली पडलं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जे वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि अप्पांनी कधी कानावर घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं.

निजामाचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध अजून लांब होतं. मी हिंगोलीच्या शाळेत मास्तर होतो आणि टीमचा विकेटकीपर. अप्पा टीमचे मालक. त्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती, बॉल झेलला नव्हता. पण परभणीच्या एका वकिलानं त्यांच्यासमोर म्हटलं होतं की हिंगोलीच्या लोकांना कापूस विकण्यापलीकडे काय येतं? अप्पा तिथून उठले ते थेट बॅटा, स्टंप आणि खेळपट्टीवर अंथरायची एक जाडजूड चटई घेऊनच परतले. तेव्हापासून दर दिवाळीला परभणीची टीम आमच्याकडे यायची, आम्हाला हरवायची आणि अप्पांचा फराळ खाऊन जायची.

हरण्याचं कारण मैदानात होतं. जुन्या छावणीचं आमचं मैदान एका बाजूनं कयाधूकडे उतरतं. त्या बाजूला बॉल गेला की तो नदीचाच. एकदा तर आमचा फिल्डर ओला बॉल घेऊन वर येईपर्यंत परभणीचे दोघे पळून पळून कंटाळले आणि खाली बसून पाणी प्यायले. त्या उतारावर उभा राहील असा एक फिल्डर हवा होता.

तो वसमतच्या टीमकडे होता. कुरुंद्याचा केरबा. लहानपणापासून ज्वारीवर पाखरं राखताना गोफण चालवलेला. उतारावर घरंगळता बॉल तो पळता पळता उचलायचा आणि तिथूनच स्टंपावर मारायचा. वसमतच्या टीमचे मालक इब्राहिमसेठ, हळदीचे मोठे व्यापारी, आणि अप्पांचाच रोग त्यांनाही जडलेला. त्यांच्याकडे केरबा होता, पण धड बोलर एकही नव्हता. आपल्याकडे बोलर तीन होते. तेव्हा एक बोलर द्यावा आणि केरबा घ्यावा, असं अप्पांच्या मनानं घेतलं.

हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. ज्या गावात माणसाची चूल, त्या गावाकडून त्यानं खेळायचं, असा सगळ्या टीमांचा नियम होता. म्हणजे जाणाऱ्यानं नुसतं दुसऱ्या टीमकडून खेळायचं नव्हतं. बाडबिस्तरा उचलून वसमतला राहायला जायचं होतं. त्याच्या पोटापाण्याचं इब्राहिमसेठ बघणार, केरबाचं अप्पा बघणार.

महिनाभर आडतीत दुसरा विषय नव्हता. अप्पा गादीवर बसून एकेका बोलरला माल तपासावा तसे तपासत. दत्तू जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. लांबून धावत यायचा, बॉल असा सुटायचा की अंपायरसुद्धा वाकायचा, पण तो स्टंपाकडे जाईल की चिंचेकडे, ते दत्तूलाही ठाऊक नसे. "वला कापूस," अप्पा म्हणत. "दिसायला भारी." सखाराम किराणा दुकानात पुड्या बांधायचा आणि बॉलही पुडीसारखाच टाकायचा, सगळे एका मापाचे. त्याला अप्पा जुनी ज्वारी म्हणत. किडत नाही, पण चवही नाही.

तिसरा रशीद. कल्हई करणारा पोरगा. वडील वारले तेव्हापासून भाता, नवसागर आणि कथलाची पिशवी घेऊन गल्लीगल्लीत एकटाच हिंडायचा. कापसाचा बोळा धरून तापलेल्या भांड्यात मनगट गरागरा फिरवायची त्याला सवय, त्यामुळे त्याच्या हातून सुटलेला बॉल जमिनीवर पडला की वाटेल तिकडे वळायचा. मला विकेटमागे तो कधीच नीट धरता आला नाही. अप्पांना मात्र त्याचं काहीच पसंत नसे. विकेट घेतली तरी लिंबाखालून छत्री हलवून ओरडायचे, सरळ टाकायला काय झालं होतं? "ह्या पोत्यात आत काय हाय, उघडल्याबिगर कळत न्हाई," ते सगळ्यांदेखत म्हणत. "मला असला माल चालत न्हाई." त्यामुळे जाणार तो रशीदच, अशी बाजारात सगळ्यांची खात्री होती, रशीदसकट.

सौद्याच्या दिवशी अप्पांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि कानात म्हणाले, "मास्तर, दत्तूला देऊन राहिलो. कोणाला बोलू नका." घट तर रशीदची जास्त निघाली होती, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला काट्याच्या खोटीबद्दल पुन्हा सगळं समजावून सांगितलं.

आता सौद्याची रीत सांगतो. आमच्याकडे मोठे व्यापारी भाव तोंडानं बोलत नसत. समोरासमोर बसायचं, हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचा. बघणाऱ्याला नुसतं उपरणं हललेलं दिसतं. उपरणं उचललं की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी बदल नाही. अप्पांचा उपरण्याखालचा शब्द हयातीत एकदाही फिरला नव्हता, आणि त्यांचं बोट कधी चुकलं नव्हतं. बाजारात त्यांची पत होती ती एवढ्याच एका गोष्टीवर.

इब्राहिमसेठ वसमतहून आले. दोघांनी आधी मोठ्यानं ठरवून घेतलं: अंगठा आणि करंगळी सोडून मधली तीन बोटं, म्हणजे तीन बोलर. पहिला दत्तू, दुसरा सखाराम, तिसरा रशीद. देणाऱ्यानं ज्याला द्यायचं त्याचं बोट घेणाऱ्याच्या हाती द्यायचं. उपरणं पडलं. दत्तू, सखाराम आणि रशीद दाराशी एकमेकांना खेटून उभे. उपरणं एकदा हललं, थांबलं, पुन्हा हललं. दोघांनी हसून मान हलवली आणि उपरणं उचललं गेलं.

चहा आला. बशीत फुंकर घालत इब्राहिमसेठ म्हणाले, "तो अप्पा, रशीदकू कब भेजते?"

अप्पांची बशी ओठांपाशी थांबली.

मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून काय झालं ते मला तिथल्या तिथं उमगलं. आमच्या कापसाच्या बाजारात बोटं अंगठ्याकडून मोजतात. वसमतच्या हळदीच्या बाजारात करंगळीकडून. अप्पांनी अंगठ्याजवळचं बोट दिलं, ते त्यांचं पहिलं. इब्राहिमसेठांचं ते तिसरं. दत्तू म्हणून दिलेला माल रशीद म्हणून उचलला गेला होता. सखारामचं बोट कुठूनही मोजलं तरी मधलंच. त्याच्या बोलिंगसारखं.

मी अप्पांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो बाजूला सारला, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "गुरुवारी."

दाराशी दत्तूनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच छाती काढली. रशीद पिशवी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अप्पांच्या घरी गेलो. बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हातानं करून खायचे. हाक मारली तर ओ नाही. आतून खसाखसा आवाज येत होता. स्वयंपाकघरात डोकावलो, तर फळीवर भांडी अशी चकाकत होती की एकाच वेळी अनेक मास्तर दिसले. एकट्या माणसाच्या घरी एवढी कल्हई मी कधी पाहिली नव्हती. आणि खाली उकिडवे बसून अप्पा एका परातीची चांगली चकचकीत कल्हई वाळूनं घासून काढत होते.

मी विचारलं, हे काय चाललंय? अप्पा दचकले, पण हात थांबला नाही.

"आमच्या आडाचं पाणी वाईट हाय, मास्तर. कल्हई टिकत न्हाई."

मी परातीकडे बघितलं, वाळूकडे बघितलं. मग त्यांनीच नजर खाली घातली आणि हळूच म्हणाले, "परात राहून गेली म्हनून निरोप धाडतो. येईल. दुपारभर रशीद भाता चालवत बसतो, बोलत राहतो. लई बोलतं ते पोरगं."

म्हटलं, अप्पा, मग इब्राहिमसेठांना सांगा ना खरं. ते समजून घेतील. अप्पांनी परात बाजूला ठेवली. म्हणाले, इब्राहिम समजून घेईल, बाजार नाही. उद्या माझा हात धरताना प्रत्येक जण आधी विचार करेल. मग निदान रशीदला तरी सांगा, मी म्हणालो. तर म्हणाले, त्याला कळलं तर ते पोरगं जाणारच नाही, आणि मग शब्द मोडल्यासारखंच. माझ्याकडूनही त्यांनी तोंड बंद ठेवायचं कबूल करून घेतलं.

परातीचा निरोप घेऊन मीच गेलो. रशीद भात्याला दोरी बांधत होता. माझं ऐकून घेतलं आणि तोंड न वळवता म्हणाला, "अप्पाला सांगा, वसमतला बी एक कल्हईवाला हाय. सौद्यात त्यालाबी मागून घ्या म्हना." दोरीची गाठ आवळत म्हणाला, "आमी नकोच होतो त्यायला, मास्तर. तोंडानं सांगितलं असतं तरी गेलो असतो. उपरनं काहून घातलं?"

मी परत जाऊन अप्पांना एवढंच सांगितलं की त्याला वेळ नाही. त्यांनी परात तशीच भिंतीला टेकवून ठेवली.

गुरुवारी स्टेशनावर सगळा बाजार लोटला. इब्राहिमसेठ स्वतः न्यायला आले होते, रशीदला त्यांनी खिडकीशी बसवलं होतं. केरबा आदल्या दिवशीच येऊन अप्पांच्या आडतीत राखणीला लागला होता. तोही आला होता. आडते होते, दलाल होते, हमाल होते. दत्तू माझ्या शेजारी हार घेऊन उभा होता आणि येईल त्याला सांगत होता की अप्पांनी माल पारखून ठेवून घेतला, मला हात लावू दिला नाही. अप्पा लांब, पाण्याच्या टाकीखाली. रशीदनं सगळ्यांना सलाम केला, टाकीकडे मात्र बघितलं नाही.

शिट्टी झाली. गाडी हलली. अप्पा जागचे निघाले, आधी सावकाश, मग भराभर, मग त्या वयाला आणि त्या धोतराला शोभणार नाही अशा चालीनं. लोकांना ढकलत ते खिडकीशी पोचले आणि गज धरून गाडीबरोबर पळू लागले. रशीद समोर बघत बसला होता. फलाट संपत आला होता, आणि सगळ्या बाजारासमोर, इब्राहिमसेठांच्या तोंडावर, दत्तूच्या देखत अप्पा ओरडले,

"लेकरा, बोट चुकलं रे माझं, मी दत्तूला देत होतो!"