सुध्याचे किल्ट आणि माझ्या कुरडया

आमच्या वरच्या मजल्यावरचा सुध्या घागरा घालतो. त्याच्यासमोर असं म्हटलं की तो जिन्यातच थांबतो, दाढी खाजवतो आणि मला शिकवतो, "किल्ट म्हणा मावशी, स्कॉटलंडचे पुरुष घालतात. आणि खिसे बघा, खिसे." मग एकेक खिसा उघडून दाखवतो. एकात पाना, एकात पाण्याची बाटली, एकात कोथिंबीर. "काकांच्या पँटीत आहे का एवढी सोय?"

वय चव्वेचाळीस. लग्न नाही. दिवसा सातपूरच्या कंपनीत निमूट पँट घालून जातो. संध्याकाळी आला की खाकी किल्ट, कवटीचा टी-शर्ट आणि हे एवढाले बूट. कापड पिंपळगाव बसवंतहून आणतो, कांद्याच्या टेम्पोंना ताडपत्र्या शिवून देणाऱ्याकडून. जाडजूड कॅनव्हास. धुतला की दोन दिवस ठिबकतो, आणि ठिबकतो तोही बरोब्बर माझ्या गॅलरीत, कुरडयांवर. दर उन्हाळ्यात त्यावरून आमची जुंपते.

गल्ली त्याला काय काय म्हणते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकदा एका रिक्षावाल्याने मागून बघून "ताई, कुठं जायचं?" म्हणून विचारलं. सुध्या वळला. दाढी बघून रिक्षावाला 'दादा, दादा' करायला लागला. "कॉलेज रोड," सुध्या म्हणाला, "आणि खिसे बघा." पण मला खरा राग येतो तो समोरच्या वकिलांचा. कमरेला टॉवेल गुंडाळून दूध आणायला जाणारा हा माणूस सुध्याकडे बघून म्हणतो, संस्कृती बुडाली. आधी स्वतःचा टॉवेल सांभाळा म्हणावं.

पूर्वी असे चौघे होते. डिप्लोमाला असताना केस वाढवून कर्कश गाणी ऐकायचे, आणि चौघांनी मिळून किल्ट शिवले होते. रंगपंचमीला ते घालून रहाडीत उड्या मारायचे. रहाड म्हणजे आमच्या जुन्या नाशकातला पेशव्यांच्या वेळचा हौद. वर्षभर मातीखाली बुजवलेला असतो. रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून त्यात रंग करतात, आणि जो धप्पा मारील, म्हणजे उडी घेईल, त्याच्या अंगावरून तो रंग आठवडाभर जात नाही. हे चौघे हात धरून एकदम उडी घ्यायचे. पुढे एक पुण्याला गेला, एक दुबईला, एक कळवणला सासऱ्याच्या दुकानात बसला. केस कापले, किल्ट टाकले, माणसात आले म्हणे. सुध्या तेवढा राहिला.

यंदा त्याने ठरवलं, चौघांनी पुन्हा उडी मारायची. तिघेही येतो म्हणाले. झालं, महिनाभर माझ्या डोक्यावर शिवणयंत्राची घरघर. तिघांसाठी तीन नवे किल्ट शिवले, चुण्या बसाव्यात म्हणून खाटेवर चिमटे लावून ठेवले.

"मापं कुणी दिली रे?" मी विचारलं.

"पाठ आहेत मावशी."

रंगपंचमीला दोघांचे मोबाइलवर नुसते अंगठे आले. पुण्याचा पक्या तेवढा आला, बायकोपोरांसकट, पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. सुध्याने किल्ट पुढे केला. पक्याने तो पोटाभोवती धरून बघितला, तर दोन टोकांत वीतभर अंतर. विशीतली कंबर ती, तिचं माप घेऊन बसला होता हा. पक्याची बायको हसली, पोरं हसली, पक्याही हसला. "अजून हेच चालू आहे का तुझं?" मग सुध्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि गाडीच्या सीटा खराब होतील म्हणून रहाडीकडे न फिरकता चालता झाला. जळ्ळे मेले असले मित्र.

सुध्या आपला किल्ट घालून, तिन्ही नवे काखोटीला मारून एकटाच निघाला. मला राहवेना, मीही मागोमाग गेले. त्याने आपल्या किल्टमध्ये उडी मारली. वर आला, भिंतीआड जाऊन पक्याचा किल्ट घातला, पुन्हा उडी. मग दुबईवाल्याचा. कळवणवाल्याचा ढगळ होता, तो एका हाताने धरून मारली. लोक शिट्ट्या वाजवत होते. त्यांना वाटलं, दादाला चढलीय. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

संध्याकाळी वरच्या दोरीवर चार केशरी किल्ट, आणि माझ्या ताज्या कुरडयांवर टपटप सुरू. मी पदर खोचून गॅलरीत आले. वरून सुध्या वाकला, दाढीसुद्धा केशरी.

"सॉरी मावशी. कापड जाड आहे." त्याने दोरीवरच्या एका किल्टचा पट्टा वितीने मोजला. "चूक माझीच झाली. माणसाची कंबर वाढते हे डोक्यातच आलं नाही. पुढच्या वर्षी पट्टे लांब ठेवतो, म्हणजे येतील."

"चांगले हातभर ठेव," मी म्हटलं, आणि कुरडयांचं ताट तिथून हलवलं नाही.